जुने गाणे इंटरनेटवर शोधताना आणि पुढे पाठवताना

मिरजेला राहणाऱ्या माझ्या आत्याला एका सकाळी व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांचे एक नाट्यपद आले. सोबत एका थोर गवयाचे नाव होते, खाली जोडलेल्या हातांची चित्रे होती आणि बाकी काही नव्हते. आत्याने ते दोनदा ऐकले आणि मला फोन करून म्हणाली, "अगं, हा आवाज त्यांचा नव्हे. मी त्यांना समोर बसून ऐकलंय. पण गाणं फार सुरेख आहे, कोण गातंय ते तेवढं शोधून दे." ते शोधायला मला अकरा दिवस लागले. पुढे पाहते तो ते पद इंटरनेटवर तीन ठिकाणी सहज उपलब्ध होते. मात्र हातोहात फिरताना त्याचे नावगाव कोठेतरी गळून पडले होते आणि त्या जागी कोणीतरी भलतेच नाव चिकटवले होते.

ख्याल, ठुमरी, नाट्यपद, भावगीत, अभंग, लावणी, ओवी असे नाना तऱ्हांचे संगीत ऐकण्याची ज्यांना आवड आहे, पण इंटरनेटवर त्याचा शोध कोठून सुरू करावा आणि मिळालेले गाणे इतरांपर्यंत नीट कसे पोहोचवावे हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. यात माझा आग्रह एकच आहे. गाणे मिळाले की त्याची ओळखही मिळवावी, आणि पुढे पाठवताना दोन्ही बरोबर पाठवावीत.

पहिली पायरी: एकच गाणे धरावे

नवखा माणूस बहुधा 'शास्त्रीय संगीत' किंवा 'जुनी मराठी गाणी' असे मोघम शब्द टाकून शोध सुरू करतो. त्यातून शेकडो गाणी समोर येतात, तीच ती दहा-बारा लोकप्रिय गाणी वरती राहतात आणि अर्ध्या तासात मन विटते. त्याऐवजी आपल्या मनात आधीपासून घर करून असलेले एकच गाणे घ्यावे. वडील दाढी करताना गुणगुणत असत ते नाट्यपद असेल, आषाढात दरवर्षी कानावर पडणारा एखादा अभंग असेल, सकाळच्या रेडिओवर ऐकलेली पण नाव न कळलेली एखादी चीज, म्हणजे रागात बांधलेले गाणे, असेल. जे आठवते ते कागदावर लिहावे: मुखड्याचे, म्हणजे गाण्याच्या पहिल्या ओळीचे, शब्द, आवाज बाईचा की पुरुषाचा, साथीला पेटी होती की सारंगी, गाणे केव्हा आणि कोठे ऐकले.

शब्दच आठवत नसतील तर गूगलच्या ॲपमध्ये २०२० पासून गुणगुणून गाणे शोधण्याची सोय आहे. लोकप्रिय भावगीते आणि चित्रपटगीते तिच्यातून पुष्कळदा सापडतात. शझामसारख्या ॲपचे काम वेगळ्या रीतीने चालते. ते चालीऐवजी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या नादाचा ठसा आपल्या साठ्याशी ताडून पाहते. त्यामुळे बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकेतले गाणे ते क्षणात ओळखते, पण त्याच गायकाने तीच बंदिश एखाद्या मैफलीत गायलेली असेल आणि त्या मैफलीची फीत कोणी घरून चढवलेली असेल, तर त्याच्या हाती काही लागत नाही. यंत्राने ओळखले नाही म्हणजे गाणे अज्ञात आहे, असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी पायरी: नाव अनेक प्रकारे लिहून पाहावे

शोधाचे खरे कसब येथे आहे, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे.

एकच नाव इंटरनेटवर चार तऱ्हांनी लिहिलेले असते. सूरश्री केसरबाई केरकर यांचे उदाहरण घ्या. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या या गायिकेची भैरवीतली एक चीज 'व्हॉयेजर' यानांबरोबर १९७७ साली अंतराळात धाडलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. अवघ्या साडेतीन मिनिटांचे ते गाणे आहे. त्या तबकडीच्या यादीत त्यांचे नाव रोमन लिपीत 'केसर' आणि 'बाई' असे दोन शब्द तोडून छापले आहे, तर इतरत्र ते जोडून लिहिलेले आढळते. रोमन लिपीत जोडून लिहिलेल्या नावाने जे सापडत नाही ते तोडून लिहिलेल्या नावाने सापडू शकते, आणि देवनागरीत लिहिले की आणखी निराळेच, बहुधा मराठी माणसांनी प्रेमाने चढवलेले संग्रह समोर येतात. म्हणून प्रत्येक नाव देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. रागांचेही तसेच आहे. वसंतला कोणी बसंत लिहितो, झिंझोटीच्या रोमन स्पेलिंगात एखादे अक्षर कमीजास्त होते, 'मिश्र' हा शब्द कधी असतो, कधी गाळलेला असतो.

जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरची नावे तर आजच्या प्रचारातल्या नावांहून फारच वेगळी असत. 'मिस', 'मास्टर', 'प्रोफेसर' अशा उपाध्या लावण्याची तेव्हा पद्धत होती, आणि गायिकेच्या नावापुढे तिच्या गावाचे नाव जोडत. सुंदराबाई यांच्या तबकडीवर त्यांच्या नावासोबत 'पूना' असे, तर जोहराबाईंच्या तबकडीवर आग्र्याचे नाव येते. मास्टर कृष्णराव यांच्या नावातली 'मास्टर' ही उपाधी तर कायमचीच झाली. एखाद्या गायिकेचे रूढ नाव टाकून काही मिळाले नाही तर अशी उपाधी किंवा गाव जोडून पाहावे.

नावापेक्षा अधिक खात्रीचा धागा म्हणजे मुखडा. बंदिशीचे किंवा पदाचे पहिले तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधले की तेच पद कोणाकोणाच्या आवाजात आहे ते कळते. आत्याच्या त्या गाण्यापाशी मी अडले होते ते नेमके येथेच. तबकडीच्या खरखरीत मला मुखड्यातला एक शब्द 'सजणी' असा ऐकू येत होता आणि मी तोच टाकून शोधत होते. अकराव्या दिवशी आत्याला शब्द वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "सजणी नव्हे गं, रजनी. नाटकात रात्रीचा प्रवेश आहे तो." तो एक शब्द बदलल्याबरोबर तिन्ही प्रती समोर आल्या, आणि त्यांतल्या एकीसोबत तबकडीच्या लेबलाचे छायाचित्र होते, ज्यावर गायकाचे नाव स्वच्छ छापलेले होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारणे हीसुद्धा शोधाचीच रीत आहे, आणि अनेकदा ती सगळ्यांत जलद ठरते.

आणखी एक लहानशी युक्ती सांगते. गाणे किती लांबीचे आहे यावरून ते मूळ कशावर मुद्रित झाले असावे, याचा अंदाज बांधता येतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन ते साडेतीन मिनिटे मावत. पुढे आलेल्या, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांच्या आसपास गाणे राही. तास-सव्वा तास चाललेला ख्याल मिळाला तर तो बहुतेक मैफलीच्या किंवा रेडिओच्या फितीवरून आलेला असतो. यूट्यूबवर वीस मिनिटांहून मोठे व्हिडिओ तेवढे गाळून दाखवण्याची सोय आहे. सविस्तर ख्याल हवा असेल तेव्हा ती वापरावी म्हणजे तुकडे-तुकडे चाळत बसावे लागत नाही.

तिसरी पायरी: कोणती जागा कशासाठी

सर्व काही एका जागी मिळत नाही, आणि प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा आहे.

मराठी गीतांसाठी 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर आधी जावे. तेथे गाण्याचे पूर्ण शब्द मिळतात, शिवाय गीतकार, संगीतकार, गायक यांची नावे आणि अनेक ठिकाणी रागाचे, नाटकाचे किंवा चित्रपटाचे नावही मिळते. ऐकताना शब्द डोळ्यांपुढे ठेवण्यासाठी आणि कोणी पाठवलेल्या माहितीचा खरेखोटेपणा पाहण्यासाठी मी या संकेतस्थळाचा रोज उपयोग करते.

यूट्यूबवर तीन प्रकारची चॅनेले वेगळी ओळखता आली पाहिजेत. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांची स्वतःची चॅनेले असतात, त्यांत आवाज स्वच्छ असतो पण माहिती त्रोटक असते. प्रसार भारतीच्या अभिलेखागाराचे चॅनेल आहे, त्यावर आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या संग्रहातली दुर्मीळ ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध होतात. तिसरी चॅनेले खासगी संग्राहकांची. येथे आवाजाची प्रत कमीजास्त असते, परंतु वर्णनाच्या जागी काही संग्राहक तबकडीचा क्रमांक, साथीदारांची नावे, मैफलीचे गाव आणि साल इतक्या काळजीने लिहितात की त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. व्हिडिओखालचे वर्णन पूर्ण उघडून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि त्याखालच्या रसिकांच्या टिपाही वाचाव्यात, कारण 'हा राग मारवा नसून पूरिया आहे' अशी दुरुस्ती पुष्कळदा तेथेच सापडते.

इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ साली अमेरिकेत स्थापन झालेली ना-नफा संस्था आहे. तिच्या संग्रहात जुन्या लाखेच्या तबकड्यांच्या डिजिटल प्रतींचे मोठे दालन असून त्यांत भारतीय तबकड्याही आहेत. येथे काही तबकड्यांच्या लेबलांची छायाचित्रे पाहायला मिळतात आणि अनेक गाणी फ्लॅक या प्रकारात, म्हणजे आवाजातला कोणताही अंश न गाळता साठवलेल्या रूपात, उतरवून घेता येतात. तबकडीच्या क्रमांकावरून माहिती काढायची असेल तर डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ उपयोगी पडते. लाँग प्ले तबकडीच्या पाठीवरचा 'ईएएलपी' किंवा 'ईसीएलपी' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक तेथे टाकला की पुष्कळदा तबकडीवरच्या गाण्यांची यादी मिळते.

स्पॉटिफाय, जिओसावन यांसारख्या सेवा चालता-फिरता ऐकण्यासाठी सोयीच्या आहेत, परंतु तेथे दाखवलेल्या सालावर विसंबू नये. ते साल बहुधा त्या डिजिटल संग्रहाच्या प्रकाशनाचे असते, त्यामुळे १९५० च्या दशकातले गाणे २००५ सालचे म्हणून समोर येते. गीतकार आणि संगीतकार यांची नावेही तेथे अनेकदा गाळलेली असतात. मराठी भावगीताच्या बाबतीत हा मोठाच अन्याय आहे, कारण कवी आणि संगीतकार यांच्या नावांवाचून भावगीताची ओळख पुरी होत नाही.

आकाशवाणीला विसरू नये. २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी तिने 'रागम्' नावाची अखंड शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली आणि ती इंटरनेटवरून ऐकता येते. आपण न निवडलेले गाणे अवचित कानी पडण्याचा लाभ रेडिओखेरीज आता फारसा कोठे उरलेला नाही. हयात आणि तरुण कलावंतांचे नवे काम विकत घ्यायचे असेल तर बँडकॅम्पवर पाहावे. तेथे कलावंत स्वतः आपले ध्वनिमुद्रण विकतो आणि रकमेचा मोठा भाग त्याच्याकडे जातो.

एका संग्रहाविषयी मात्र सविस्तर लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यात राहून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक आहेत. त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे 'पारी', या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आल्या. पहाटेच्या दळणाच्या लयीत बांधलेल्या, भावाविषयी, सासुरवासाविषयी, विठ्ठलाविषयी, कधी बाबासाहेबांविषयी बोलणाऱ्या या ओव्या आहेत. कुठल्याही वाद्याची साथ नाही, मंच नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत ओव्यांचे शब्द, त्यांचा अर्थ आणि गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, व्यवसाय अशी नोंद दिलेली असते. शेतात राबणाऱ्या एका बाईची ओवी जर इतक्या आदराने नोंदवता येते, तर नामवंत गवयाचे गाणे बिननावाचे फिरवण्यास आपल्याला कोणतीही सबब राहत नाही. संगीताची नोंद कशी असावी हे शिकायचे असेल त्याने 'पारी'वरचे एक पान उघडून शांतपणे वाचावे.

चौथी पायरी: ऐकणे

जुनी तबकडी प्रथम ऐकताना खरखर त्रास देते. आवाज वाढवू नये, उलट थोडा कमीच ठेवावा आणि साधे का होईना, पण कानात नीट बसणारे इअरफोन वापरावेत. दोन-तीन मिनिटांत कान खरखर मागे सारायला शिकतो. खरखर यंत्राने काढून टाकलेल्या प्रती गुळगुळीत वाटतात, परंतु त्या सफाईत तंबोऱ्याचा नाद आणि आवाजाची धार हीसुद्धा कापली जाते, म्हणून शक्य असेल तेथे दोन्ही प्रती ऐकून पाहाव्यात.

वेगाकडेही लक्ष द्यावे. तबकडी मूळच्यापेक्षा सुमारे सहा टक्के जलद फिरवली की गाणे अर्ध्या सुराने चढते, म्हणजे पेटीवरच्या पांढरी चार या पट्टीत गाणारा गायक काळी तीनमध्ये गाऊ लागतो, आणि आवाज बारीक, तान घाईची वाटू लागते. एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन प्रती वेगळ्या पट्टीत ऐकू आल्या तर त्यांतली एक चुकीच्या वेगाने उतरवलेली आहे असे समजावे.

तीन मिनिटांची मर्यादा त्या काळच्या कलावंतांनी कशी पेलली ते ऐकण्यासारखे आहे. भारतात ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती १९०२ साली कलकत्त्यात, आणि त्यात गायिका गौहर जान यांचा आवाज अग्रभागी होता. रंगात आली की मैफलीत जी ठुमरी तासभर रेंगाळली असती ती त्यांनी एका बाजूत बसवली: मुखडा लगेच, आलापाला जेमतेम काही सेकंद, मग बोल, द्रुत ताना आणि शेवट. आणि शेवटच्या क्षणी, तबला थांबताथांबता, त्या इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारतात. या तबकड्या साच्यात दाबून तयार होण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात, तेथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे यासाठी ती सोय होती असे सांगतात. आज डिजिटल प्रती करताना काहीजण 'गाणे संपले' म्हणून ही पुकार कापून टाकतात. ती कधीही कापू नये. गाण्याने आपल्या तोंडाने सांगितलेली ती ओळख आहे.

तबकडीवरचे तीन मिनिटांचे गाणे आवडले की त्याच रागातला एक सविस्तर ख्याल शोधावा आणि तो एका बैठकीत ऐकावा. नंतर तोच राग दुसऱ्या घराण्याच्या गायकाकडून ऐकावा. भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर या तिघांचा एकच राग लागोपाठच्या तीन संध्याकाळी ऐकला तर घराणे म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा लवकर कळते. सुगम संगीतातही अशी तुलना फळ देते. गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रथम प्रसारित झाले तेव्हा त्यातली ५६ गीते माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. घरोघरी पोहोचलेला संच मात्र संगीतकार सुधीर फडके यांच्या स्वतःच्या आवाजातला आहे. मूळ प्रसारणातली गीते शोधून ऐकली की पाठ असलेले गीतही नवे वाटते.

पाचवी पायरी: वही

एक साधी वही घालावी, किंवा मोबाइलमध्ये तशी नोंद ठेवावी. गायक, चीज किंवा पद, राग, ताल, साथीदार, मूळ तबकडी की मैफल, साल, लिंक, आणि आपल्याला विशेष भावलेली जागा कितव्या मिनिटाला आहे ते. ज्याची खात्री नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह करावे. प्रश्नचिन्ह करण्यात कमीपणा नाही. अंदाजाने लिहिलेला राग पुढे दहा ठिकाणी उतरवला जातो आणि मग खरा मानला जातो. आत्याचे ते नाट्यपद असेच कोणाच्या तरी अंदाजाने भलत्या नावावर चढले असणार.

सहावी पायरी: पुढे पाठवणे

शक्यतो फाइल न पाठवता लिंक पाठवावी. लिंकसोबत वर्णन जाते, ऐकणाऱ्याला त्याच संग्राहकाची आणखी गाणी मिळतात आणि ज्याने कष्ट घेतले त्याचे नाव टिकते. लांब ख्यालातली एखादी जागा दाखवायची असेल तर संगणकावर यूट्यूबच्या 'शेअर' चौकटीत ठरावीक वेळेपासून सुरू होणारी लिंक तयार करता येते. समोरच्याने कोठे कान द्यायचा हे त्यामुळे नेमके कळते.

फाइलच पाठवायची वेळ आली तर व्हॉट्सॲपवर ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी, म्हणजे ती आहे तशी आणि आपल्या नावासह पोहोचते. फाइलच्या नावात मुखडा, गायक आणि राग लिहावा. 'ऑडिओ' या शब्दापुढे वीस आकडे असलेली फाइल महिन्याभराने कोणालाच ओळखू येत नाही.

सोबत दोन-तीन वाक्ये अवश्य लिहावीत. गेल्या महिन्यात आमच्या पाच जणांच्या गटात मी लिहिलेला निरोप असा होता: "सूरश्री केसरबाई केरकर, भैरवी. तबकडीवरचे गाणे, सुमारे साडेतीन मिनिटे. व्हॉयेजरच्या तबकडीवर आहे ते हेच. रोमन लिपीत नाव दोन तऱ्हांनी लिहितात, शोधताना दोन्ही पाहा. पहिल्यांदा फक्त आवाजाचा घुमारा ऐका, दुसऱ्यांदा शब्द." यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नसते. 'अप्रतिम', 'अवश्य ऐका', 'डोळ्यांत पाणी येईल' अशा शब्दांनी ऐकणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. एखादी नेमकी जागा दाखवली तर तो खरोखर ऐकतो.

एका वेळी एकच गाणे पाठवावे. सकाळी सहा वाजता लागोपाठ सात गाणी आली की एकही ऐकले जात नाही. रागाची वेळ पाळली तर फारच चांगले: तोडी सकाळी, मुलतानी दुपार कलताना, यमन दिवेलागणीनंतर. आणि कोणी चूक दाखवली तर मूळ निरोपाखालीच दुरुस्ती लिहून सगळ्यांना कळवावी, कारण तोवर तो निरोप पुढे गेलेला असतो.

सातवी पायरी: हक्क

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. पण गाण्यात आणखी दोन हक्क गुंतलेले असतात, शब्दांवरचा आणि चालीवरचा, आणि ते कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतात. कवी १९८० साली वारले असतील तर त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०४० अखेरपर्यंत आहे. पारंपरिक बंदिशी, संतांचे अभंग यांच्या शब्दांना ही अडचण नाही, परंतु अभंगाला अलीकडे कोणी चाल लावली असेल तर ती चाल मोकळी नाही. नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी खुली झाली.

नवख्याने यातून एवढे घ्यावे, की लिंक पाठवण्यास हरकत नाही, पण दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण स्वतःच्या चॅनेलवर चढवण्यापूर्वी हा हिशेब करावा. खासगी बैठकीत मोबाइलवर केलेले मुद्रण तर गायकाला आणि साथीदारांना विचारल्याशिवाय कोठेही पाठवू नये. घरच्या बैठकीत गवई जोखीम घेतो, एखादी अनवट वाट चोखाळतो, कधी चुकतो. ते तेथे जमलेल्या माणसांच्या भरवशावर केलेले असते.

घरातल्या कॅसेटींविषयी

शोधता शोधता पुष्कळांच्या लक्षात येते की दुर्मीळ संगीत आपल्याच माळ्यावर पडले आहे. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालू नये, जाणकाराला दाखवावी. चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घ्यावी, टेपच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाला वायर जोडावी आणि वेव्ह प्रकारात, ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिट या मापाने उतरवावी. याला मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागते, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ९०० एमबी. मूळ वेव्ह जपून ठेवावी आणि वाटण्यासाठी वेगळी लहान प्रत करावी. एमपी३ वरून पुन्हा एमपी३ केली की दर वेळी आवाज विटतो.

कॅसेटच्या आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. आत्याकडच्या एका कॅसेटवर बाहेर फक्त 'गाणे' असे लिहिले होते. आतल्या कागदाच्या मागच्या बाजूला काकांच्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने, गायिकेचे नाव, 'दर्गा, उरूस, पहाटे', 'पेटी: आपला बंडू' एवढेच होते. बंडू कोण हे आता फक्त आत्यालाच ठाऊक आहे, म्हणून त्यांचे पूर्ण नाव, ते कोणत्या गल्लीत राहत आणि पेटी कोणाकडे शिकले, हे मी तिच्याकडून विचारून त्याच दिवशी वहीत लिहून घेतले.